मागणी, घसारा आणि खेळते भांडवल: व्यावसायिक अर्थशास्त्र व वित्त शिकताना या चुका टाळा

उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. विद्यार्थी अवघड प्रश्नांत जितके गुण घालवतात, त्याहून अधिक गुण ते सोप्या वाटणाऱ्या प्रश्नांत घालवतात. नाशिकमध्ये वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गांना शिकवताना मुले बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेची रचनाही अधूनमधून बदलते, परंतु चुका मात्र त्याच राहतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते: नेमके काय बदलले हे ठरवण्याआधीच लिहायला सुरुवात करणे. पुढे सर्व चुकांना सारखी जागा दिलेली नाही, कारण सर्व चुका सारख्याच महाग पडत नाहीत.

किंमत बदलली म्हणून मागणी वक्रच सरकवणे

कांद्याच्या जिल्ह्यात राहून ही चूक व्हावी, याचे मला नेहमी नवल वाटते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि त्याच्या निषेधार्थ लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये काही दिवस लिलाव बंद राहिले. त्यानंतरच्या अंतर्गत परीक्षेत मी या शुल्काचा देशांतर्गत बाजारावर होणारा परिणाम आकृतीसह विचारला. चांदवडकडून येणाऱ्या, घरी कांदा साठवण्याच्या चाळी असलेल्या एका मुलाचे उत्तर असे होते: ‘शुल्कामुळे भाव कमी झाले, भाव कमी झाल्यामुळे मागणी वाढली, मागणी वाढल्यामुळे भाव वाढले, भाव वाढल्यामुळे पुरवठा वाढला आणि पुरवठा वाढल्यामुळे भाव कमी झाले.’ आकृतीत तीन मागणी वक्र आणि दोन पुरवठा वक्र होते. (मागणी वक्र म्हणजे प्रत्येक किमतीला ग्राहक किती नग घेतील हे दाखवणारी रेषा, पुरवठा वक्र म्हणजे विकणारे किती नग विकायला काढतील हे दाखवणारी.) एकाही अक्षावर नाव नव्हते. गुण का कापले हे विचारायला तो आला, तेव्हा मी त्यालाच विचारले, ‘अरे, भाव पडले की तुझे वडील काय करतात?’

‘चाळीतला माल थांबवतात, सर.’

‘आणि लागवड कमी करतात का?’

‘ती लगेच कशी होईल, सर? पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामात बघतात.’

घरचा व्यवहार त्याला इतका स्वच्छ ठाऊक होता, पण पेपरात त्याने त्याचा एक शब्दही वापरला नव्हता. बाजार समितीत येणाऱ्या मालाला देशातील ग्राहकांची मागणी असते आणि निर्यातदारांचीही असते. शुल्कामुळे निर्यातदारांची मागणी घटते, त्यामुळे बाजार समितीतील एकूण मागणीचा वक्र डावीकडे सरकतो आणि भाव उतरतो. येथे एकच वक्र सरकला आहे. भाव उतरल्यावर घरगुती ग्राहक थोडा अधिक कांदा घेतात, पण तो त्यांच्या पूर्वीच्याच मागणी वक्रावरील विस्तार असतो. बारावीच्या पुस्तकात मागणीचा विस्तार व संकोच एकीकडे आणि वृद्धी व ऱ्हास दुसरीकडे, असा भेद शिकवलेला असतो. ज्या वस्तूचा वक्र काढला आहे तिची स्वतःचीच किंमत बदलली, तर आपण त्याच वक्रावर वरखाली फिरतो. उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूची किंमत, ग्राहकांची संख्या किंवा पुढील काळाविषयीच्या अपेक्षा यांपैकी काही बदलले, तरच वक्र सरकतो. हे एवढे पाळले असते, तर वरच्या उत्तरातील चक्र दुसऱ्याच वाक्यात थांबले असते.

पुरवठ्याच्या बाजूलाही अशीच गल्लत होते. आज भाव चढला म्हणून चाळीतील उन्हाळ कांदा बाहेर निघाला, तर तो त्याच पुरवठा वक्रावरील विस्तार आहे. दिवाळीनंतर भाव चढेल या अपेक्षेने आज माल अडवून धरला, तर मात्र आजचा पुरवठा वक्र डावीकडे सरकतो. यंदाचा भाव पाहून शेतकऱ्याने पुढील हंगामात क्षेत्र वाढवले, तर त्याचा परिणाम पुढील हंगामाच्या आवकेत दिसतो, आजच्या आकृतीत दिसत नाही. एका हंगामाचा भाव आणि दुसऱ्या हंगामाचे पीक यांच्या या मागे-पुढे होण्याला अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये कॉबवेब सिद्धांत असे नाव दिले. तो समजून घ्यायला निफाड, चांदवड आणि येवल्याच्या मुलांना खरे तर पुस्तक उघडण्याचीही गरज पडू नये.

यावर माझी सवय सांगतो. आकृती काढण्यापूर्वी समासात पेन्सिलने दोनच गोष्टी लिहाव्यात: कोणते कारण बदलले आणि ते कोणाचा निर्णय बदलते, घेणाऱ्याचा की विकणाऱ्याचा. एका कारणासाठी एकच वक्र सरकवावा. दुसरा सरकवायचा असेल, तर त्याचे वेगळे कारण आधी समासात लिहावे आणि ते सापडले नाही तर हात आवरावा. आडव्या अक्षावर नग आणि उभ्या अक्षावर किंमत ही नावे वक्रांच्या आधी लिहावीत. मुलांना हे वेळखाऊ वाटते, पण खोडलेल्या तीन आकृत्यांना लागतो त्यापेक्षा हा वेळ कमीच असतो.

आता काही चुका, ज्यांवर याहून अधिक बोलण्याची गरज नाही

सरळ रेषेच्या मागणी वक्राचा उतार सगळीकडे सारखा असतो, लवचीकता (किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते) मात्र सगळीकडे सारखी नसते. रेषेच्या वरच्या भागात ती एकापेक्षा जास्त, मध्यावर एक आणि खालच्या भागात एकापेक्षा कमी असते.

महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, याचा अर्थ किमती उतरल्या असा होत नाही. त्या अजून वाढतच आहेत, फक्त वेग कमी झाला आहे.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते) ६.५० वरून ६.२५ टक्के केला, ही ०.२५ टक्केबिंदूंची, म्हणजे २५ आधारबिंदूंची कपात होती, ०.२५ टक्क्यांची नव्हे. मूळ दराच्या प्रमाणात पाहिले तर ती सुमारे ३.८५ टक्के भरते. वर्तमानपत्रे येथे सैल लिहितात म्हणून परीक्षेतही सैल लिहावे, असे नाही.

मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज आणि महागाई ५ टक्के असेल, तर वास्तव परतावा साधारण २ टक्के असतो. अचूक भागाकार केला, तर तो १.९ टक्के येतो.

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमुळे असेल कदाचित, पण आपल्याकडील मुलांना पैशाचा पुरवठा म्हणजे छापलेल्या नोटा असेच वाटते. लोकांच्या हातातील चलन हा विस्तृत पैशाचा लहान भाग आहे. त्याचा फार मोठा हिस्सा बँकांतील ठेवींचा असतो आणि बँका कर्ज देतात तेव्हा त्या ठेवी वाढतात. मुद्रणालयातील यंत्रे वेगाने फिरल्याने महागाई वाढली, असे लिहून गुण मिळत नाहीत.

चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) २:१ आहे म्हणून कंपनी सुस्थितीत, हे वाक्य तर प्रत्येक गठ्ठ्यात असते. चालू मालमत्तेत न खपलेला माल किती आणि थकलेली उधारी किती, हे न पाहता त्या गुणोत्तराला अर्थ नाही.

नफ्याला रोख समजणे

वित्त विषयातील ही सर्वांत महाग चूक आहे. तृतीय वर्षाच्या एका गटाने अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यासाठी यंत्र घ्यावे की नाही, यावर प्रकल्प अहवाल केला होता. कारखाना गटातील एका मुलीच्या काकांचा होता, त्यामुळे आकडे खरे होते. यंत्राची किंमत १० लाख रुपये, आयुष्य ५ वर्षे, अखेरचे मूल्य शून्य. यंत्रामुळे घसाऱ्यापूर्वीची वार्षिक कमाई ३.२० लाख, सरळ रेषेने (किंमत पाच वर्षांवर सारखी वाटून) घसारा २ लाख, करपूर्व नफा १.२० लाख, २५ टक्के दराने कर ०.३० लाख आणि करोत्तर नफा ०.९० लाख. येथपर्यंत सर्व बरोबर होते. त्यानंतर गटाने हा ०.९० लाखाचा नफाच दरवर्षीचा रोख प्रवाह म्हणून धरला, पुढील रकमांचे आजचे मूल्य काढण्यासाठी १० टक्के दराचा पाच वर्षांचा गुणक ३.७९ लावला आणि ३.४१ लाखांतून १० लाख वजा करून निव्वळ वर्तमान मूल्य उणे ६.५९ लाख काढले. अहवालाचा निष्कर्ष ‘यंत्र घेऊ नये’ असा होता, तोही ठळक अक्षरांत. तोंडी परीक्षेत त्या मुलीला विचारल्यावर तिने प्रामाणिकपणे सांगितले की काकांनी ते यंत्र केव्हाच घेतले आहे आणि ते चांगले चालले आहे.

काका चुकले नव्हते, सारणी चुकली होती. घसाऱ्याचे २ लाख कोणाच्याही खात्यातून जात नाहीत. यंत्राचे पैसे सुरुवातीलाच एकदा गेलेले असतात. घसाऱ्याचा उपयोग कर कमी करण्यापुरता असतो, म्हणून करोत्तर नफ्यात तो पुन्हा जोडावा लागतो. तसे केल्यावर वार्षिक रोख प्रवाह २.९० लाख होतो, त्याचे वर्तमान मूल्य १०.९९ लाख येते आणि निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ०.९९ लाख निघते. चिन्हच बदलते.

याच उदाहरणात मी वर्गाला पुढची पायरी करायला लावतो. कच्चा माल आणि उधारी यांसाठी आरंभी १.५० लाखांचे खेळते भांडवल घालावे लागते, असे धरू. बहुतेक मुले ते धरतच नाहीत. जी धरतात, त्यांतील निम्मी ते पाचव्या वर्षाअखेर परत मिळते हे विसरतात आणि ०.९९ मधून १.५० वजा करून पुन्हा उणे उत्तर काढतात. परत मिळणाऱ्या १.५० लाखांना पाचव्या वर्षाचा ०.६२१ हा गुणक लावला, तर ०.९३ लाख येतात आणि खरे उत्तर अधिक ०.४२ लाख होते.

व्याजाचेही असेच आहे. यंत्रासाठी कर्ज काढले म्हणून प्रवाहातून व्याज वजा करायचे आणि मग भांडवल उभारण्याच्या खर्चाच्या ज्या दरात ते व्याज आधीच धरलेले आहे, त्याच दराने वटवायचे (आजचे मूल्य काढायचे), म्हणजे एकाच खर्चाची वजाबाकी दोनदा करणे. यंत्र घेण्याचा विचार चालू असताना सल्लागाराला दिलेले शुल्क मात्र कधीच सारणीत घालू नये. निर्णय काहीही झाला, तरी ते परत मिळणार नाही.

मी कोऱ्या कागदावर आधी शून्यापासून पाचपर्यंत वर्षांचे स्तंभ आखतो आणि प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचारतो: या वर्षी बँकेच्या खात्यातून पैसा आला किंवा गेला का? नसेल, तर ती ओळ सारणीत येत नाही. सूत्र सर्वांत शेवटी. एका रात्रीत संपूर्ण विषय संपवून देणाऱ्या चित्रफिती आणि गाईडमधील अपेक्षित प्रश्न यांचा क्रम नेमका उलटा असतो. तेथे सूत्र आधी येते आणि आकडे प्रश्नातून उचलून त्यात भरायचे असतात. प्रश्नात एखादा अनावश्यक आकडा मुद्दाम दिलेला असला, की असा विद्यार्थी तोही इमानेइतबारे भरतो. परीक्षक तो आकडा त्याच हेतूने देतात, हे येथे सांगून टाकायला हरकत नाही. अंतर्गत परतावा दराचा (ज्या दराला निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते) मोहही याच घाईतून येतो. दोन परस्परपर्यायी प्रकल्पांत दर जास्त म्हणून लहान प्रकल्प निवडला जातो आणि प्रत्यक्षात अधिक रुपये मिळवून देणारा मोठा प्रकल्प मागे राहतो. हा दर आणि निव्वळ वर्तमान मूल्य यांत मतभेद दिसला, तर निव्वळ वर्तमान मूल्यावर विश्वास ठेवावा.

एक्सेलमध्ये प्रकल्प करणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. त्यातील एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य) हे फल, म्हणजे फंक्शन, पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरची आहे असे धरते. शून्य वर्षातील १० लाखही त्याच रांगेत दिले, तर सर्वच प्रवाह एक वर्ष पुढे ढकलले जातात आणि वरील ०.९९ लाखाऐवजी ०.९० लाख दिसते. चिन्ह बदलत नाही, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या ते पाचव्या वर्षाचे प्रवाहच फलात द्यावेत, आरंभीची गुंतवणूक बाहेर वजा करावी आणि छापील सारणीतील गुणक घेऊन एकदा कॅल्क्युलेटरवर ताळा करून पाहावा. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत अहवाल बांधणीला देऊ नये.