बास मागे येतो, पण खात नाही: मोठ्या स्विमबेटची सुरुवात

मोठा बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) हवा तर मोठं आमिष टाका, असं जो तो सांगतो. पुढचं कुणी सांगत नाही. आठ इंची स्विमबेट, म्हणजे माशाच्या रूपाचं पोहणारं नकली आमिष, टाकलं की बास त्याच्या मागे लागतो, पार होडीपर्यंत येतो, तुमच्याकडे बघतो आणि निघून जातो. नवखे बहुतेक इथेच वैतागतात आणि महागाची आमिषं विकायला काढतात. म्हणून बाकीचं भराभर उरकतो आणि या एका गोष्टीवर थांबतो.

मी लिहितोय ते कॅलिफोर्नियातल्या, त्यातही दक्षिणेकडच्या तलावांबद्दल. हा प्रकार इथेच फोफावला. १९५९ मध्ये सॅन डिएगोच्या तलावांत फ्लोरिडा जातीचे लार्जमाउथ बास आणून सोडले. ही जात मुळात अंगाने मोठी होणारी. त्यात इथल्या बऱ्याच तलावांत हौशी लोकांना गरवता यावं म्हणून थंडीत रेनबो ट्राउट ट्रकने आणून सोडतात. लोकांसाठी सोडलेल्या ट्राउटवर बासच पोसला. १९९१ मध्ये कॅस्टेक तलावात २२ पौंडांचा बास निघाला. ट्राउटच्या रूपाची मोठाली आमिषं या खुराकामुळेच निघाली. मात्र ‘विश्वविक्रम करायचा तर स्विमबेटच’ म्हणणाऱ्यांना एक आठवण: २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात जो मासा निघाला आणि ज्याने जॉर्जियातल्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी केली, तो जिवंत ब्लूगिलवर, म्हणजे आमिष म्हणून लावलेल्या छोट्या माशावर, लागला होता.

सामान

आठ फुटी हेवी रॉड, ३०० आकाराचं बेटकास्टिंग रीळ, २० ते २५ पौंडी मोनो किंवा कोपॉलिमर (एकसंध नायलॉनची) लाइन. लहान रॉडवर चार-पाच औंसांचं आमिष फेकून बघण्याच्या फंदात पडू नका, रॉड तरी जाईल नाहीतर खांदा.

आमिषं दोनच घ्या. सात इंचांच्या आसपासचं एक ग्लाइड बेट, म्हणजे डावी-उजवीकडे झुलत चालणारं कडक आमिष. एस-वेव्हर १६८ परवडतं आणि विनाकटकट चालतं. दुसरा मऊ प्लास्टिकचा ट्राउट, हडलस्टन कंपनीचा आठ इंची किंवा त्याच्यासारखा. हे बुडण्याच्या वेगानुसार वेगवेगळे मिळतात, सुरुवातीला सावकाश बुडणारा घ्या. शेकडो डॉलरची हातघडणीची लाकडी आमिषं सुंदर असतात, ती नंतर.

गाठीबद्दल एक सांगतो. लाइन बांधायची पालोमार गाठ कितीही पक्की असली तरी अख्खं आमिष फासातून ओवावं लागतं, आणि दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक लटकत असताना ते ओवताना लाइन कुठे ना कुठे अडकून खरवडते. दणकट स्नॅप (उघडबंद होणारी तारेची कडी) लावा, पालोमार स्नॅपला बांधा. फेकून फेकून गाठीजवळची लाइन खडबडीत लागायला लागली की हातभर तोडून पुन्हा बांधा.

मासेमारीचा परवाना सोळा वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतो. आता तो खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो.

कधी, कुठे

फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे अंडी घालण्याच्या आधीचे आठवडे. ट्राउट कुठे सोडणार याचं वेळापत्रक राज्याचं मत्स्य खातं जाहीर करतं, ते बघा. वारा सुटलेला, आभाळ भरलेलं असेल तर उत्तम. पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या सोंडा, धक्क्यांचे कोपरे, खोल पाण्याला लागून असलेले खडक.

फेकणं

मनगटाने झटका देऊ नका. रॉडच्या टोकापासून दोन फूट आमिष लोंबतं ठेवा आणि दोन्ही हातांनी सावकाश झोका देऊन सोडा. मागे कुणी उभं नाही ना, हे दर वेळी बघायचं, हुक लावलेला जड ठोकळा आहे तो.

मासा मागे येतो तेव्हा

मागे आलेला बास खायलाच आलेला असतो असं नाही. स्वच्छ पाण्यात त्याला आमिष लांबूनच दिसतं, तो जवळ येतो आणि नुसता निरखत राहतो. वयाने थोराड झालेला मासा उगाच धावपळ करत नाही.

अशा वेळी नवखा माणूस हमखास हात आखडतो. बासला गाठता यावं म्हणून वेग कमी करतो, नाहीतर थांबतोच. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. बासच्या बाजूने बघा: शिकारी शेपटीला लागलाय आणि शिकार निवांत पोहतेय, उलट आणखी हळू झालीये. मांजर मागे लागल्यावर उंदीर कधी थबकून वाट बघतो का? आमिषाला मागचा मासा दिसला आहे, असं बासला वाटलं पाहिजे. सगळी मेख इथे आहे.

ग्लाइड बेट एरवी असं चालवायचं: रिळाचा दांडा अर्धा फेरा, क्षणभर थांबा, पुन्हा अर्धा फेरा. आमिष डावी-उजवीकडे झुलत येतं. मागे सावली दिसली की दोन अर्धे फेरे झटक्यात मारा आणि लगेच लाइनला ढील द्या, रॉडचं टोक आमिषाच्या दिशेने खाली झुकवून. ढील महत्त्वाची. लाइन ताणलेली असेल तर आमिषाचं नाक तुमच्याकडेच ओढलेलं राहतं, ते नुसतं पुढे सरकतं. सैल मिळाली तर ते जागच्या जागी गर्रकन वळतं आणि बासच्या तोंडासमोर तोंड करतं. आता त्याने एक तर बाजूला व्हायचं, नाहीतर जबडा उघडायचा. मला इथेच सगळ्यात जास्त झगडावं लागलं, कारण एवढा मासा दिसला की हात आपोआप आवळले जातात. मासे नसलेल्या उथळ, नितळ पाण्यात तासभर नुसतं वळवून बघा. प्रत्येक आमिषाचा ठेका वेगळा, कुणाला अर्धा फेरा लागतो, कुणाला पाव.

एकदा वळवलं, फार तर दोनदा. तरी खाल्लं नाही तर चार-पाच फूट सुसाट पळवा. तिसऱ्यांदा वळवलं की मासा बहुतेकदा निघून जातो.

आणि हे होडीजवळ करायला राखून ठेवू नका. तिथपर्यंत येईतो त्याने होडीची सावली पाहिलेली असते, तुमची चुळबूळही. जिथे मासा असावा असं वाटतं तिथेच, धक्क्याच्या खांबाला लागून, खडकाच्या टोकाशी, पहिलं वळण घ्या, मासा दिसो न दिसो. पोलराइज्ड चष्मा हवाच. आमिष पाण्याबाहेर काढायची घाई नको; बास होडीखालून येऊन शेवटच्या हातभर अंतरात घेतो, हे मी पाहिलंय.

गेला तर गेला. त्याच जागी लागोपाठ फेकत बसू नका. त्याने घर दाखवलंय, एवढं लक्षात ठेवा. दिवस कलल्यावर किंवा वारा सुटल्यावर दुसऱ्या बाजूने या आणि मऊ ट्राउट टाका. या आमिषाला ही नाटकं लागत नाहीत. तळाला टेकू द्या आणि शेपूट जेमतेम हलेल इतक्याच वेगाने ओढा. तुम्हाला हळू वाटतं त्याच्या निम्म्याने हळू.

लागल्यावर

ग्लाइड बेटवर धडक दिसताक्षणी झटका मारू नका, वजन हाताला लागलं की रॉड आडवा ओढा. मऊ ट्राउटच्या पाठीत एकच जाडजूड हुक असतो, तिथे मात्र जोरात मारा. उडी मारायला लागला तर रॉडचं टोक पाण्याकडे.

रबरी जाळीचं मोठं जाळं आणा, नायलॉनमध्ये ट्रेबल असे गुंततात की मासा राहतो बाजूला. लांब नाकाची पक्कड हाताशी ठेवा, हुक काढेपर्यंत मासा पाण्यातच राहू दे. फोटोसाठी नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवू नका, दहा पौंडांच्या बासचा जबडा त्याने निखळू शकतो. दुसरा हात पोटाखाली, मासा आडवा. वजन जाळ्यासकट करा आणि ओल्या जाळ्याचं वजन नंतर वजा करा.