पेज उघडत नाही? लगेच राउटर बंद करू नका

खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली की परभणी-हिंगोलीकडच्या सेवा केंद्रांवर सकाळपासूनच रांग लागते. साइट अडकली की रांगेतून एकच प्रश्न येतो, "नेट गेलं का हो?" आणि केंद्रचालक उठून राउटर बंद-चालू करतो. बऱ्याचदा त्यानं काही साधत नाही, उलट शेजारच्या कॉम्प्युटरवर अर्धा भरलेला अर्जही तुटतो. पेज कुठं अडलंय हे बरंचसं स्क्रीनवरच लिहिलेलं असतं. ते आधी वाचा.

साइटचं नाव टाकलं की ब्राउझर डीएनएस सर्व्हरकडून त्या नावाचा आयपी क्रमांक, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, घेतो. मग त्या क्रमांकाच्या सर्व्हरशी जोडणी होते, साइट खरीच आहे ना हे दाखवणारं त्याचं प्रमाणपत्र तपासलं जातं आणि पेजची मागणी जाते. उत्तर येतं ते साधारण १५०० बाइटपर्यंतच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये. एखादं वाटेत हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं. यातला कुठलाही टप्पा बिघडू शकतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

४०४ दिसलं की नेटवाल्याला फोन लावणं ही सर्रास होणारी चूक. मागणी सर्व्हरपर्यंत पोचली, उत्तरही आलं, फक्त त्या पत्त्यावर पेज नाही. पत्ता तपासा. ५०३ आलं तर तिकडं सर्व्हरवर ताण आहे किंवा दुरुस्ती चालू आहे, थोडं थांबा. पैसे भरल्यावर तर रिफ्रेश मुळीच नको, तोच फॉर्म दुसऱ्यांदा जाऊ शकतो. आधी बँकेचा मेसेज आणि अर्जाची स्थिती पाहा.

सगळ्यात जास्त घोळ घालते ती तारीख. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी गोल बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२. ती संपली की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरच्या हिशेबानं ती सुरुवात अजून झालेलीच नसते. मग एकामागून एक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो, आणि त्याच वायफायवर मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो. अशा वेळी 'तरीही पुढे जा' दाबू नका. समोर बसलेल्या शेतकऱ्याचा आधार आणि खाते क्रमांक तुमच्या भरवशावर आहे. कोपऱ्यातली तारीख-वेळ दुरुस्त करा आणि बॅटरी बदलून घ्या, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

साइट सापडतच नाही असं येत असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) पिंग (ping) देऊन ८.८.८.८ टाका, आकडे इंग्रजीत. उत्तर आलं तर नेट चालू आहे. अडचण बहुधा डीएनएसची. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून हाच क्रमांक किंवा १.१.१.१ देऊन पाहा. उत्तर आलंच नाही तर तिथंच आयपी-कॉन्फिग (ipconfig) चालवा, कॉम्प्युटरचा आयपी क्रमांक दिसेल. क्रमांक १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही: वायर नीट बसवा, वायफाय पुन्हा जोडा. राउटर बंद-चालू करायची खरी वेळ ही.

आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली असेल, तर राउटर कितीदाही बंद-चालू करा, उपयोग नाही. तक्रार करताना "नेट स्लो आहे" न म्हणता "एलओएस लाल आहे" असं सांगा आणि तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू ठेवा.