जुना डिजिटल रेंजफाइंडर: घ्यावा, बदलावा की आहे तोच जपावा

वापरलेला डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा, विकत घेणारा माणूस खरे तर एकाच आवरणातली दोन यंत्रे विकत घेत असतो. पहिले यंत्र आरसे, लोलक, तरफा आणि लेन्सच्या मागच्या बाजूला टेकणारे बारीकसे रूळ यांचे. ते जाणत्या कारागिराच्या हाती गेले तर पन्नास वर्षांनीही पुन्हा जुळवता येते. दुसरे सेन्सर, सर्किट आणि स्क्रीन यांचे. कंपनीकडचे सुटे भाग संपले की त्याचे आयुष्य नशिबावर सोडून द्यावे लागते. कोणत्या मॉडेलचे हे दुसरे यंत्र आज दुरुस्त होऊ शकते, हा प्रश्न किंमत आणि मेगापिक्सेल यांच्या आधी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहीपूर्वी हा प्रकार आपल्याला मानवतो का, ते पाहावे. येथे स्वयंचलित फोकस नाही. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, मध्यभागी दिसणाऱ्या दोन प्रतिमा लेन्सचे कडे फिरवून एकमेकींवर बसवायच्या असतात, आणि ही जुळणी साधारणपणे ०.७ मीटरपेक्षा जवळ होत नाही. २८ ते ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी ही पद्धत उत्तम आहे. ९० मिलिमीटरला चित्राची हद्द दाखवणारी चौकट इतकी लहान होते की कष्ट पडतात, आणि १३५ ला तर बहुतेक जण नाद सोडून देतात. चष्मा लावणाऱ्यांनी २८ मिलिमीटरची चौकट कडेपर्यंत दिसते का, हे स्वतः डोळा लावून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. पक्षी, क्रीडा किंवा फुलांचे जवळचे चित्रण ज्यांना करायचे आहे, त्यांचे पैसे दुसऱ्या कॅमेऱ्यावर अधिक सत्कारणी लागतील. लायका या जर्मन कंपनीच्या एम माउंटच्या, म्हणजे या कॅमेऱ्यांना बसणाऱ्या, लेन्स आधीपासून जवळ असतील, तर अडॅप्टर लावून मिररलेस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दृश्य दाखवणाऱ्या, बॉडीवर त्या वापरण्याचा स्वस्त मार्ग उपलब्ध आहेच. मात्र त्या बॉडींच्या सेन्सरवरील जाड काचेमुळे ३५ मिलिमीटरपेक्षा रुंद असलेल्या अनेक लेन्सच्या चित्रांचे कोपरे पुसट येतात, हे लक्षात ठेवावे.

बाजारात दिसणारे पर्याय मोजकेच आहेत. २००४ साली आलेला एप्सन आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर होय. जपानच्या कोसिना कंपनीच्या सहकार्याने तयार झालेल्या या कॅमेऱ्यात ६ मेगापिक्सेलचा लहान सेन्सर आहे आणि प्रत्येक चित्रानंतर फिल्म कॅमेऱ्याप्रमाणे खटका ओढून शटर चढवावे लागते. त्याचा व्ह्यूफाइंडर एकास एक प्रमाणाचा, म्हणजे दृश्य मूळ आकारातच दाखवणारा, असल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते, आणि हे सुख त्यानंतरच्या कोणत्याही डिजिटल रेंजफाइंडरने दिलेले नाही. तरीही मूळ मॉडेल २ जीबीपेक्षा मोठे कार्ड स्वीकारत नाही, त्यामुळे तो छंदापुरताच घ्यावा. २००६ चा लायका एम८ स्वस्तात मिळतो. पण अवरक्त किरण अडवणारी त्याच्या सेन्सरवरील काच अपुरी असल्याने काळे कृत्रिम कापड जांभळट उमटते आणि प्रत्येक लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागतो. त्याच्या स्क्रीनवर डाग पसरू लागले, तर बदलायला नवी स्क्रीन कंपनीकडे मिळत नाही.

सर्वांत जास्त मोह पाडतो तो २००९ चा एम९, आणि सर्वांत जास्त सावधगिरीही त्याच्याच बाबतीत बाळगावी लागते. ३५ मिलिमीटर फिल्मएवढा पूर्ण आकाराचा सेन्सर असलेला हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. कोडॅकने बनवलेला १८ मेगापिक्सेलचा त्याचा सीसीडी (जुन्या तंत्राचा) सेन्सर रंगांसाठी वाखाणला जातो. परंतु त्यावरील पातळ संरक्षक काच दमटपणाने गंजते. लायकाने काही वर्षे हे सेन्सर विनामूल्य बदलून दिले, पुढे त्यासाठी शुल्क घेतले आणि २०२० मध्ये बदलायचे सेन्सरच संपल्याचे जाहीर केले. त्यामुळे सुधारित सेन्सर बसवल्याची कंपनीची पावती असलेला एम९ आणि पावती नसलेला एम९ या दोन निरनिराळ्या वस्तू मानाव्यात व त्यांची किंमतही तशीच निरनिराळी धरावी. परीक्षा सोपी आहे. अॅपर्चर (लेन्सचे प्रकाशछिद्र) एफ १६ किंवा एफ २२ वर, म्हणजे अगदी बारीक, ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे आणि लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट वाढवून ते पूर्ण आकारात तपासावे. धुळीचा ठिपका साधा करडा असतो आणि सेन्सर साफ केल्यावर जातो. गंजाच्या ठिपक्याभोवती बहुधा फिकट वलय दिसते आणि तो कितीही पुसला तरी जात नाही. काही स्वतंत्र कार्यशाळा ही काच बदलून देतात, पण तो खर्च आणि पाठवणी किमतीतून वजा झाल्याशिवाय असा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यासारख्या दमट हवेत राहणाऱ्याने मूळ सेन्सरचा एम९ घेऊच नये. सीसीडीच्या रंगांविषयी जे भारावून बोलले जाते, त्यातला बराचसा भाग कॅमेऱ्याच्या प्रोफाइलचा (रंग कसे उमटवायचे याच्या नोंदीचा) आणि व्हाइट बॅलन्सचा (पांढरा रंग पांढराच दिसावा अशा जुळणीचा) असतो, असे मला वाटते. केवळ त्या कीर्तीपोटी जादा पैसे मोजू नयेत.

नावांचा गोंधळही येथे महागात पडू शकतो. २०१२ चा एम-ई, म्हणजे टाइप २२०, हा आतून एम९ च आहे, तर २०१९ चा एम-ई हा सीमॉस या नव्या प्रकारचा सेन्सर असलेल्या, एम९ नंतरच्या टाइप २४० चा भाऊ आहे. त्याचप्रमाणे २०१२ च्या पहिल्या मोनोक्रोमचा, म्हणजे फक्त कृष्णधवल चित्रे काढणाऱ्या मॉडेलचा, सेन्सर सीसीडी असून त्याला गंजाचा तोच धोका आहे, आणि २०१५ चा टाइप २४६ त्यापासून मुक्त आहे. म्हणून जाहिरातीतील नावावर न जाता विक्रेत्याकडून टाइप क्रमांक लेखी मागून घ्यावा.

माझ्या मते पहिल्या खरेदीसाठी सर्वांत शहाणपणाची निवड म्हणजे एम टाइप २४० किंवा त्याचा २०१५ चा साधा अवतार, टाइप २६२. दोन्हींचा २४ मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर गंजत नाही आणि बॅटरी दणकट आहे. २६२ मध्ये व्हिडिओ आणि लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट दिसणारे दृश्य) नाहीत, आणि ज्याला रेंजफाइंडरच हवा आहे त्याला त्यांची उणीव भासत नाही. शिवाय वरची पट्टी ॲल्युमिनियमची असल्याने तो वजनालाही हलका आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २४० पासून पुढे व्ह्यूफाइंडरमधील चौकटी एलईडीने उजळतात, त्यामुळे बॅटरी संपल्यास त्या दिसेनाशा होतात.

मॉडेल ठरले की रेंजफाइंडरची तपासणी, आणि तिला घाई चालत नाही. विक्रेत्याला दिवसाउजेडी भेटावे. सोबत स्वतःचे कार्ड, लॅपटॉप, फूटपट्टी आणि शक्य असल्यास ५० मिलिमीटरची एफ २ किंवा त्याहून वेगवान (अधिक प्रकाश आत घेणारी) लेन्स न्यावी. प्रथम लेन्सचे कडे अनंताच्या (सर्वांत दूरच्या अंतराच्या) खुणेवर टेकवून किलोमीटरभर दूरचा मनोरा किंवा रात्री चंद्र पाहावा. दोन्ही प्रतिमा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत. एक प्रतिमा वर आणि दुसरी खाली दिसत असेल तर दोष उभ्या जुळणीचा आहे. तो सहसा सहज दुरुस्त होतो, मात्र कॅमेरा कधी पडला होता का, हे तेव्हा विचारून घ्यावे. नंतर फूटपट्टी टेबलावर तिरकी ठेवून, एक मीटर अंतरावरून, अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, एकाच आकड्यावर पुन्हापुन्हा नव्याने फोकस करत चित्रे काढावीत. कडे एकदा जवळून दूर आणि एकदा दुरून जवळ असे दोन्ही बाजूंनी फिरवावे. चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेला होत असेल तर दुसरी लेन्स लावून पाहावे. दोन्ही लेन्स सारख्याच चुकल्या तर दोष बॉडीचा, एकच चुकली तर त्या लेन्सचा. काही वेगवान लेन्सचा फोकस अॅपर्चर एफ २.८ किंवा ४ पर्यंत मिटवल्यावर आपोआप मागे सरकतो. तो त्यांचा स्वभाव आहे, त्यासाठी बॉडीला दोष देऊ नये.

उरलेली तपासणी लवकर होते. व्ह्यूफाइंडरमध्ये टॉर्च टाकून बुरशीचे जाळे किंवा धूसरपणा आहे का ते पाहावे, कारण पावसाळा कपाटात बंद राहून काढलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास सापडते. शटरच्या आकड्याला, म्हणजे आजवर किती चित्रे काढली गेली याला, फार महत्त्व देऊ नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बॉडीपेक्षा नियमित वापरातली बॉडी पुष्कळदा निकोप असते. बॅटरी किती जुनी आहे आणि नवी मिळते का, याची चौकशी करावी. परदेशातून मागवताना सीमाशुल्क, कर आणि दुरुस्तीसाठी परत पाठवण्याचा खर्च धरूनच किमतींची तुलना करावी.

ज्याच्याकडे असा कॅमेरा आधीपासून आहे, त्याचा प्रश्न वेगळा असतो. २४० वरून २०१७ च्या एम१० वर जाताना मेगापिक्सेल वाढत नाहीत. जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटरने कमी होते, आयएसओची (प्रकाश टिपण्याच्या संवेदनक्षमतेची) वेगळी चकती मिळते आणि व्ह्यूफाइंडरचे प्रमाण ०.६८ वरून ०.७३ होते. लायकाच्या दोन खिडक्यांमधील यांत्रिक अंतर ६९.२५ मिलिमीटर आहे, त्यामुळे या बदलाने रेंजफाइंडरची प्रभावी आधारलांबी, म्हणजे फोकसची अचूकता ठरवणारे माप, सुमारे ४७ वरून ५० मिलिमीटरच्या पुढे जाते. वेगवान ५० किंवा ७५ वापरणाऱ्याला आणि चष्मा लावणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल. ३५ मिलिमीटर एफ ८ वर ठेवून रस्त्यावर हिंडणाऱ्याला क्वचितच जाणवेल. एम१० ची बॅटरी मात्र लहान आहे, तेव्हा दुसरी घ्यावीच लागते.

२०२२ चा एम११ साठ मेगापिक्सेलचा आहे, यूएसबी-सीने चार्ज होतो, त्याला ६४ जीबीची अंतर्गत स्मृती आहे आणि काढून ठेवावी लागणारी तळपट्टीही गेली आहे. पण एवढ्या बारकाईत हाताचा कंप आणि रेंजफाइंडरची केसभर चूकही स्पष्ट दिसते, त्यामुळे फार मोठ्या आकाराच्या छपाईसाठी किंवा चित्र कापून वापरण्यासाठी गरज असल्याखेरीज एम१० च्या मालकाने त्याच्या मागे लागू नये. फोकस वारंवार चुकतो म्हणून नवी बॉडी घेण्याचा विचार असेल, तर आधी आहे ती बॉडी आणि नेहमीची लेन्स एकत्रच तज्ज्ञाकडे देऊन दोन्ही जुळवून घ्यावीत, आणि त्या जोडीवर फूटपट्टीची तीच परीक्षा पुन्हा घेतल्यानंतरच कॅमेरा बदलायचा की नाही ते ठरवावे.