टेम्प्लेट बघून बिल्डर निवडू नका: कोडिंगशिवाय वेबसाइट करताना या चुका टाळा

विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो, शॉपिफाय, वर्डप्रेस डॉट कॉम, गूगल साइट्स... कोडिंग न येणाऱ्यालाही वेबसाइट उभी करता येईल असे बिल्डर भरपूर आहेत. बहुतेक जण त्यांतला एक टेम्प्लेट (तयार मांडणी) आवडलं म्हणून निवडतात. मालवणातल्या होमस्टेसाठी समुद्राचा मोठा फोटो असलेलं टेम्प्लेट दिसलं, की वर्षभराचे पैसे भरून मोकळे. पण त्यातला फोटो आणि चार शब्दांचा इंग्रजी मथळा काढून आपला मोबाइलवरचा फोटो आणि मराठी मजकूर घातला, की ते टेम्प्लेट ओळखूही येत नाही. विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये तर एकदा घेतलेलं टेम्प्लेट त्या साइटवर बदलताही येत नाही. नवी साइट सुरू करून सगळं पुन्हा मांडावं लागतं. म्हणून टेम्प्लेट सर्वांत शेवटी बघा.

फुकटच्या पत्त्यावर धंदा उभा करणं

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट मिळायची. तिचा पत्ता ‘बिझनेस डॉट साइट’ने संपायचा. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, नंतर तेही थांबलं. ज्यांनी हा पत्ता दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर आणि पिशव्यांवर छापला होता, त्यांचं छापलेलं सगळं वाया गेलं.

बिल्डरच्या पोटातला कोणताही पत्ता असाच परका असतो. डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, पहिल्या दिवशी विकत घ्या, आणि स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात डोमेन ठेवू नका. माणूस कितीही ओळखीचा असो, भांडण होतं ते नूतनीकरणाच्या वेळी. डॉट कॉम घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो. त्यातली लिंक १५ दिवसांत उघडली नाही तर डोमेन थांबवलं जातं आणि चालू साइट एका सकाळी गायब होते.

बाहेर कसं पडणार, हे न विचारणं

पैसे भरण्याआधी बिल्डरच्या मदत विभागात ‘एक्सपोर्ट’ (साइट बाहेर नेणं) हा शब्द शोधा. उत्तरं फार वेगवेगळी मिळतात. विक्सवरची साइट जशीच्या तशी दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवण्याच्या जागेवर) नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस वर्डप्रेसला चालेल अशी फाइल देतं, पण त्यात मुख्यतः पानं आणि ब्लॉगचा मजकूर येतो, मांडणी येत नाही. वेबफ्लोच्या सशुल्क वर्कस्पेसमधून (खात्यातून) कोड उतरवता येतो. मात्र उतरवलेल्या साइटवर तिथले फॉर्म आणि शोध चालत नाहीत. शॉपिफाय उत्पादनं, ग्राहक आणि ऑर्डर सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) देतं, आणि दुकानासाठी तेच महत्त्वाचं.

पत्त्यांची रचनाही बघा. शॉपिफायमध्ये प्रत्येक वस्तूच्या पत्त्यात ‘प्रॉडक्ट्स’ हा शब्द येणारच, विक्सच्या ब्लॉगमध्ये मुळात ‘पोस्ट’ येतो. उद्या बिल्डर बदललात तर प्रत्येक जुन्या पत्त्याला ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) लावावा लागतो, नाहीतर गूगलवर मिळवलेली जागा जाते. स्वतःचं डोमेन असेल तर हे निदान शक्य तरी असतं.

फक्त महिन्याचा हप्ता मोजणं

समजा, देवगड हापूसची १,००० रुपयांची पेटी विकायची आहे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे रेझरपेसारखा बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडावा लागतो. गेटवेचे साधारण २ टक्के म्हणजे २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे. बाहेरचा गेटवे वापरला म्हणून शॉपिफाय बेसिक प्लॅनवर आणखी २ टक्के घेतं, म्हणजे आणखी २० रुपये. पेटीमागे जवळपास ४४ रुपये गेले, आणि हप्ता वेगळाच. हंगामात पन्नास पेट्या जाणार असतील तर साधं पान आणि यूपीआयचा क्यूआर कोड पुरतो. दुकान थाटायची गरजच नाही.

डॉलरमध्ये बिल येत असेल तर कार्डाचा परकीय चलनाचा आकार धरा. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावरचा दरही आधीच बघून ठेवा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (आपोआप वसुलीची आधी दिलेली परवानगी) नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणारी वसुली १५,००० रुपयांपुढे असेल तर दरवेळी ओटीपी लागतो, आणि परदेशी कंपनीकडे ई-मँडेटची सोयच नसेल तर त्याहून लहान रक्कमही अडकते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये स्वतः टाका.

मराठी मजकूर शेवटी टाकून बघणं

बिल्डरच्या चाचणीच्या काळात पहिल्याच दिवशी एवढं टाइप करा: ‘शेतकऱ्यांचा ॲप, विठ्ठल, ऱ्हस्व, कृष्णा, ज्ञान’. एक मथळ्यात, एक बटणावर, एक मेनूत. मग ते मोबाइलवर उघडा, आणि तोही दुसऱ्याचा मोबाइल असू द्या.

अक्षरं बारीक-जाड किंवा वेगळ्याच वळणाची दिसली तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, आणि फोन स्वतःचा फॉन्ट वापरतोय. मुक्ता, बलू २, हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी यांत ती आहे. कधी फॉन्टात देवनागरी असते, पण बिल्डर त्याचा फक्त रोमन भाग लोड करतो, म्हणून नुसतं नाव बघून विश्वास ठेवू नका. शिरोरेषा तुटक दिसते? अक्षरांमधलं अंतर शून्य करा. इंग्रजी टेम्प्लेटच्या मथळ्यांत ते बऱ्याचदा वाढवलेलं असतं. वेलांटी किंवा उकार कापला जातोय? ओळीची उंची १.१ किंवा १.२ असेल, ती १.५ करा. साइटची भाषा ‘मराठी’ ठेवता येते का तेही बघा. भाषा नीट नोंदली तर योग्य फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात.

श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल चिकटवली तर निरर्थक चिन्हं दिसणारच. आधी युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतर करा.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक मात्रेचीही नऊ-नऊ चिन्हं होतात. नुसता ‘काजू’ ३६ चिन्हांचा! वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे मात्रा धरून २२ अक्षरांनंतर मथळा कापला जातो.

डोमेन जोडलं आणि मेल बंद पडले

डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत हे लिहिलेली नोंदवही म्हणजे डीएनएस, आणि ती कुठे ठेवली आहे हे सांगतात नेमसर्व्हर. बिल्डर सांगतो म्हणून नेमसर्व्हर बदलले की डीएनएसची जुनी नोंदवही मागे राहते, आणि तिच्यातल्या एमएक्स नोंदी म्हणजे तुमचा ईमेल. त्या डोमेनवर मेल चालू असतील तर नेमसर्व्हरला हात लावू नका. फक्त ए आणि सीनेम (साइट कुठे आहे ते सांगणाऱ्या) या दोन नोंदी बदला. नेमसर्व्हर बदलावेच लागले तर एमएक्स, आणि मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएमच्या नोंदी आधी उतरवून घ्या. एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन झाल्या तर तपासणी फसते आणि मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात.

साइट कधी नवी, कधी जुनी दिसते? जुनी ए नोंद पुसायची राहिली आहे. काही जणांनाच जुनी दिसत असेल तर एएएए नोंद (नव्या, लांब आयपी पत्त्याची) तपासा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून उघडते पण तसं न लावता उघडत नाही, म्हणजे मूळ डोमेनची ए नोंदच घातलेली नाही. पत्त्याशेजारचं सुरक्षित कुलूप दोन दिवसांनंतरही येत नसेल आणि डोमेनची डीएनएस क्लाउडफ्लेअर या सेवेवर असेल, तर तिथल्या नोंदीपुढचा नारिंगी ढग करडा करून (क्लाउडफ्लेअरला मधून काढून) बघा. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ते) ३०० सेकंदांवर आणलात तर वाट कमी बघावी लागते.

फोटो, आणि गूगलवर न दिसणं

मोबाइलचा ५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १,६०० पिक्सेल, वेबपी (फोटोचा हलका प्रकार), ३०० केबीच्या आत. बिल्डर मुळातच जड आहे का, हे विकत घेण्याआधी कळतं. त्याच्या चालू ग्राहकांच्या दोन-तीन साइट पेजस्पीड इनसाइट्समध्ये (गूगलचं वेग तपासायचं फुकट साधन) मोबाइलवर तपासा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा.

महिना झाला तरी गूगलवर साइट नाही, तर एसइओचं (गूगलवर वर आणून देण्याचं) पॅकेज घेण्याआधी सेटिंगमधली ‘शोध इंजिनांपासून लपवा’ ही खूण बघा. काम चालू असताना लावलेली ती खूण आणि साइटचा पासवर्ड काढायचं सर्रास राहून जातं. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) द्या आणि मुख्य पान तपासणीला टाका.