वार्षिकांकातल्या फोटोओळी: या चुका टाळा

वार्षिकांक हातात पडला की मुलं आधी स्वतःचा फोटो शोधतात आणि लगेच खालची ओळ वाचतात. नाव आहे का, बरोबर आहे का? म्हणून सुरुवात नावांपासून करू.

हजेरीपटावरून नावं उतरवणं

हजेरीत ‘रुचा’ असते आणि ती स्वतः ‘ऋचा’ लिहिते. वर्गवार यादी छापून फिरवा आणि प्रत्येकाला आपल्या नावापुढे सही करू द्या. एकाच वर्गात ‘साक्षी’ नावाच्या दोघी असतील तर आडनाव हवंच. एवढं करूनही घोळ होतो तो पानं लावताना, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी करताना. युनिकोडमधला (मोबाइल-संगणकावर नेहमी टाइप होतो तो) मजकूर पानं लावायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये बदलला की ‘ऱ्ह’, ‘ऱ्या’, रफार आणि जोडाक्षरं तुटू शकतात. म्हणून टाइप केलेली फाइल तपासून थांबू नका. पानं लागल्यावरच्या पीडीएफमध्ये प्रत्येक नाव पुन्हा वाचा.

डावं-उजवं उलटणं

‘डावीकडून’ म्हणजे वाचणाऱ्याच्या डावीकडून. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशासारखा उलटा साठवला जातो. टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसली तर आधी फोटो सुलट करा, मगच नावं लिहा. गटाच्या फोटोत एकाने चेहऱ्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने नाव वाचायचं. शेवटी चेहरे आणि नावं दोन्ही मोजायची. ‘बसलेले’ आणि ‘उभे’ अशा ओळी वेगळ्या द्या. त्या दिवशी गैरहजर असलेल्या खेळाडूचं नाव ‘फोटोत नाही’ असं लिहून जरूर द्या. संघात तोही होता.

फोटोत दिसतं तेच पुन्हा सांगणं

‘सहावीच्या मुली रिले शर्यतीत धावताना’ हे फोटोच सांगतो. ओळीने न दिसणारं सांगावं: आधी काय झालं, पुढे काय झालं. उदाहरणार्थ: ‘हातातून सुटलेलं बॅटन मृण्मयी शेवटच्या वळणावर उचलते आहे. तिथून दोघींना मागे टाकत तिने संघाला दुसरा क्रमांक मिळवून दिला.’ पहिलं वाक्य वर्तमानकाळात, कारण तो क्षण डोळ्यांसमोर आहे. मागचा-पुढचा तपशील भूतकाळात. ‘या छायाचित्रात दिसत आहे’, ‘उत्साहाने सहभाग घेतला’, ‘आनंद लुटताना’ हे शब्द खोडले की तपशिलाला जागा होते. वीस ते तीस शब्द पुरतात.

हा तपशील मिळतो तो त्याच दिवशी विचारला तर. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान वाटलं’ एवढंच हाती लागतं. ‘याच्या आधी काय झालं होतं?’ असं विचारा. फोटो काढणाऱ्याने फाइलच्या नावातच तारीख, कार्यक्रम आणि इयत्ता घालावी. चार महिन्यांनी नुसत्या आकड्यांवरून काहीच आठवत नाही.

मनातलं आपणच लिहिणं

खाली मान घातलेला मुलगा ‘निराश’ असेलच असं नाही, बुटाची नाडी बांधत असेल. विचारल्याशिवाय भावना लिहू नका. टोपणनावं, रंग-उंचीवरच्या कोट्या, कोणाची कोणाशी जोडी लावणं, हे काहीही छापू नका.

ओळ भलतीकडे छापणं

ओळ आपल्या फोटोला चिकटून, शक्यतो खालीच हवी. चार फोटोंच्या ओळी एका कोपऱ्यात एकत्र दिल्या तर वाचणारा चुकीचं नाव चुकीच्या चेहऱ्याला लावतो. देवनागरी अक्षरांचा आकार आठ पॉइंटच्या खाली नेला की वेलांट्या आणि अनुस्वार भरून येतात, नऊ ठेवा. फोटोवरच पांढऱ्या अक्षरांत ओळ टाकायची असेल तर मागे गडद पट्टी द्या आणि एक पान खऱ्या आकारात छापून, हातभर अंतरावरून वाचून पाहा.