माग आधी बंद, हात नंतर

इचलकरंजीत तीस वर्षं मी जॉबर म्हणून साधे यंत्रमाग दुरुस्त केले. नवा पोरगा कामाला आला की पहिल्यांदा त्याच्या हातात धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं शटल, देतो आणि लोखंडी टोक अंगठ्याने दाबून बघायला लावतो. हा धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेऱ्या मारतो. उडाला तर चुकवायला सवडच नसते. माझ्या एका सोबत्याचा डोळा असाच गेला. तुटलेला तार, म्हणजे सूत, जोडताना आड येतो म्हणून त्या मागाचा शटल गार्ड, म्हणजे उडता धोटा अडवणारी दांडी, काढून कोपऱ्यात ठेवला होता.

धोटा उगाच उडत नाही. ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तुटका तार शेजारच्या तारांत गुंतला की त्याची वाट अडते. धोट्याला ठोकणारा पिकर झिजला, त्याचा पट्टा सैल झाला, पेटीत धोटा खुळखुळायला लागला, तरी तो वाकडा निघतो. म्हणून पाळी सुरू करताना गार्ड हलवून बघ, धोट्याची टोकं बघ, पिकर बघ. मागाचा आवाज बदलला तर थांबव आणि जॉबरला बोलाव. चालू मागाच्या बाजूला, धोट्याच्या सरळ रेषेत उभा राहू नकोस.

तूस, म्हणजे साचलेला सुताचा कचरा, काढणं, तेल घालणं, सगळं माग बंद करूनच. चक्रात आधी हातातली चिंधी अडकते, मागोमाग बोटं. मफलर, ओढणी, लोंबती बाही खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, नको. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही चालत्या यंत्राजवळ अंगाला घट्ट बसणारे कपडेच सांगितले होते.

मी मागाखाली शिरतो तेव्हा नुसतं हँडल पाडत नाही, मोटरचं बटण बंद करून फ्यूज खिशात टाकतो. खात्यातल्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, आणि बीममागे, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळामागे, वाकलेला माणूस पुढून दिसत नाही.

मालकांनो, मजुरी मीटरवर असते. माग थांबला की कामगाराचे पैसे थांबतात, म्हणून तो चालू मागात हात घालतो. साफसफाईच्या वेळेची मजुरी वेगळी द्या.

तरीही बोट तुटलंच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नका. आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी जखमीबरोबरच न्या.