‘एकतर १ किंवा २’ कधी निवडायचं?
परीक्षेतल्या विधान-निष्कर्षाच्या प्रश्नात दिलेली विधानं खरी धरून कुठला निष्कर्ष नक्की निघतो ते निवडायचं असतं. कधी दोन्हींपैकी एकही निष्कर्ष एकटा पक्का निघत नाही, म्हणून घाईत ‘एकही नाही’वर खूण होते आणि हातचा गुण जातो.

विधानं: सर्व पेन वह्या आहेत. काही वह्या पाट्या आहेत.
निष्कर्ष: १) काही पेन पाट्या आहेत. २) एकही पेन पाटी नाही.

१. दोन्ही निष्कर्षांत तीच दोन नावं आहेत ना, बघा.
२. प्रत्येक नावाचं एक अशी वर्तुळं दोनदा काढा: एकदा पाटी पेनला छेदणारी, एकदा पेनपासून लांब. दोन्ही आकृत्या विधानांत बसतात, म्हणजे सुटा निष्कर्ष कुठलाच पक्का नाही.
३. जोडी ‘काही आहेत–एकही नाही’ किंवा ‘सर्व आहेत–काही नाहीत’ अशी असेल, तर दोन्हींतला एक खरा असतोच, म्हणून उत्तर ‘एकतर १ किंवा २’.

सांभाळा: ‘सर्व आहेत–एकही नाही’ ही जोडी चालत नाही, कारण दोन्ही एकदम खोटे ठरू शकतात.